लहान मुलांचा रक्तकर्क आणि औषधांची एकजूट

शाळेंतील इतिहास हा बहुधा राजांचा व लढायांचा इतिहास असतो. पानिपतची तिसरी लढाई कोणत्या सालीं झाली हें आपण मुलांकडून घोकून घेतों. परंतु ज्या एका रोगानें पाऊणशें वर्षांपूर्वीं जवळजवळ प्रत्येक आजारी मूल दगावत असे, त्याच रोगांतून आज सधन देशांतील दहांपैकीं नऊ मुलें वांचतात, हा पालट कोणीं व कसा घडवून आणला हें मात्र आपण त्यांना सांगत नाहीं. वास्तविक ही देखील एक लढाईच आहे. तींत पराभव आहेत, फितुरी आहे, वेळेवर आलेली कुमक आहे, आणि शेवटीं बराचसा विजयहि आहे. आज मी तिची हकीगत सांगणार आहें. मी वैद्य नव्हें, इतिहास शिकविणारा एक निवृत्त शिक्षक आहें. तेव्हां औषधोपचाराचा सल्ला कोणी माझ्याकडून घेऊं नये. घडलें तें क्रमानें सांगावें, एवढाच माझा अधिकार.

प्रथम रोगाची ओळख करून घेऊं. आपल्या हाडांच्या पोकळींत मज्जा नांवाचा मऊ पदार्थ असतो. रक्तांतील तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठविणाऱ्या प्लेटलेट नांवाच्या बारीक चकत्या ह्या तेथेंच तयार होतात. रक्तकर्कांत, म्हणजे ल्युकेमियांत, पांढऱ्या पेशींपैकीं कांहीं कोंवळ्या पेशी बेबंदपणें वाढूं लागतात. त्यांना जंतूंशीं लढतां येत नाहीं. त्या केवळ आपली संख्या वाढवितात व मज्जेंतील इतरांची जागा बळकावतात. मग तांबड्या पेशी कमी पडून मूल फिक्कट दिसूं लागतें, चकत्या कमी पडून हिरड्यांतून व नाकांतून रक्त वाहतें, आणि निरोगी पांढऱ्या पेशी उरल्या नाहींत म्हणजे साधा तापहि जिवावर बेततो. एडिंबरोचे जॉन ह्यूज बेनेट व बर्लिनचे रुडॉल्फ फिर्खो यांनीं १८४५ सालीं ह्या रोगाचें वर्णन केलें, आणि १८४७ सालीं फिर्खोंनीं त्याला ‘पांढरें रक्त’ अशा अर्थाचें ल्युकेमिया हें नांव दिलें. नांव मिळालें, पण उपाय मिळाला नाहीं. पुढें शंभर वर्षें आईबापांची समजूत घालण्यापलीकडे डॉक्टरांच्या हातीं फारसें कांहीं नव्हतें. मुलांत बहुशः आढळणारा जो तीव्र लिंफोब्लास्टिक प्रकार, तो तर कांहीं आठवड्यांत, नाहींतर थोड्या महिन्यांत आपला कारभार आटोपीत असे. त्याच प्रकाराची ही हकीगत आहे.

ह्या लढाईचा पहिला धागा, आश्चर्य वाटेल, पण आपल्या मुंबईंत सांपडतो. १९२८ सालीं ल्यूसी विल्स ह्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईस आल्या. कापडाच्या गिरण्यांतून काम करणाऱ्या गरीब गरोदर स्त्रियांना एक विलक्षण पांडुरोग होत असे. त्याचें कारण त्यांना शोधावयाचें होतें. परळच्या हाफकिन संस्थेंत व रुग्णालयांतून काम करून बाईंनीं असें दाखविलें कीं, ‘मार्माईट’ नांवाचा जो यीस्टचा स्वस्त अर्क इंग्रज लोक पावाला लावून खातात, त्यानें हा पांडुरोग बरा होतो. १९३१ सालीं त्यांनीं हा शोध प्रसिद्ध केला. अर्कांतील गुणकारी द्रव्य कोणतें तें त्या वेळीं कळलें नव्हतें. १९४१ सालीं अमेरिकेंत पालकाच्या भाजीपासून तें वेगळें काढण्यांत आलें आणि पान ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड हें नांव पडलें. नव्या रक्तपेशी घडविण्यास हें द्रव्य अवश्य लागतें.

ह्या द्रव्याचा पाठपुरावा करणारा एक थोर संशोधक आपल्याच देशांतला होता. आंध्रांतील भीमावरम् येथें १८९५ सालीं जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव हे १९२३ सालीं अमेरिकेस गेले, हार्वर्ड येथें शिकले व १९४० पासून लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेंत संशोधन करूं लागले. तेथील मंडळींनीं १९४५ सालीं फॉलिक ॲसिड कृत्रिम रीतीनें तयार केलें. बॉस्टनच्या मुलांच्या रुग्णालयांतील सिडनी फार्बर यांनीं त्याच कुळांतील द्रव्यें ल्युकेमियाच्या मुलांना देऊन पाहिलीं, तों रोग कमी होण्याऐवजीं फोंफावल्यासारखा दिसला. ह्या अपयशांतूनच फार्बरना युक्ति सुचली. ज्या द्रव्यावर रोग पोसतो, त्याचें सोंग घेतलेलें पण पोसण्यास निरुपयोगी असें द्रव्य त्याला दिलें तर काय होईल? सुब्बारावांच्या प्रयोगशाळेनें अशीं सोंगाडीं द्रव्यें बनवून दिलीं. त्यांतील ॲमिनॉप्टेरिन हें १९४७ च्या डिसेंबरांत प्रथम वापरण्यांत आलें, आणि जून १९४८ मध्यें फार्बरांचा लेख प्रसिद्ध झाला. सोळा मुलांपैकीं दहांना उतार पडला होता. शंभर वर्षांत ह्या रोगानें प्रथमच पाऊल मागें घेतलें. तथापि लेखाच्या मथळ्यांतच ‘तात्पुरता’ असा शब्द होता, आणि तो अक्षरशः खरा ठरला. थोड्या महिन्यांत रोग उलटे आणि मग तेंच औषध त्याला लागू पडेनासें होई. सुब्बाराव त्याच वर्षीं ऑगस्ट महिन्यांत वारले. आपल्या प्रयोगशाळेंतून निघालेल्या ह्या बीजाला पुढें काय फळ आलें तें पाहण्यास ते राहिले नाहींत.

त्यानंतरच्या पंधरा वर्षांत एकामागून एक शस्त्रें हातीं आलीं. ॲमिनॉप्टेरिनची जागा त्याचेंच भावंड जें मेथोट्रेक्सेट त्यानें घेतली. १९५० च्या सुमारास कॉर्टिसोनच्या वर्गांतील औषधांचा उपयोग दिसून आला. प्रेडनिसोन हें त्यांपैकींच एक. १९५३ सालीं गर्ट्रूड एलियन व जॉर्ज हिचिंग्ज यांनीं घडविलेलें मर्कॅप्टोप्युरीन प्रचारांत आलें. आणि चौथें औषध तर आपल्या परसांतलें निघालें. बारा महिने फुलणारी आपली सदाफुली मूळची मादागास्कर बेटांतली. ती मधुमेहावर चालते अशी लोकांची समजूत होती, म्हणून कॅनडांतील रॉबर्ट नोबल व चार्ल्स बीअर यांनीं तिचा अर्क प्राण्यांना देऊन पाहिला. साखर उतरली नाहीं, पण रक्तांतील पांढऱ्या पेशी मात्र उतरल्या! ह्या धाग्यावरून प्रथम व्हिन्ब्लास्टीन व मागाहून व्हिन्क्रिस्टीन हीं औषधें निघालीं, आणि दुसऱ्यास १९६३ सालीं अमेरिकेंत मान्यता मिळाली. कोणी घरच्या सदाफुलीचीं पानें मात्र खाऊं नयेत. तीं विषारी आहेत.

शस्त्रें अशीं वाढलीं, परंतु प्रत्येकाची कथा एकच. औषध दिलें कीं उतार पडे, मूल पुन्हा खेळूं लागे, घरांत दिवाळी होई. आणि कांहीं महिन्यांनीं रोग परत येई. ह्याचें कारण फितुरी. कोट्यवधि पेशींत अशा थोड्या पेशी असतातच, कीं ज्यांच्यावर तें औषध चालत नाहीं. बाकीच्या मेल्या तरी त्या उरतात, आणि त्यांचीच नवी फौज उभी राहते. क्षयरोगांत हाच अनुभव आला होता. एकटें स्ट्रेप्टोमायसिन दिलें तर जंतु त्याला दाद देईनासे होत. परंतु त्याच्या जोडीस पास हें दुसरें औषध दिलें तर फितुरीला आळा बसे, असें ब्रिटनमधील प्रयोगांनीं १९५० पर्यंत दाखवून दिलें होतें.

येथें थोडें अंकगणित करूं. रोग ओळखला जातो त्या वेळीं मुलाच्या अंगांत सुमारें एक लाख कोटि रोगट पेशी असतात. समजा, दहा लाख पेशींत एक पेशी पहिल्या औषधाला दाद देत नाहीं. आणि दुसऱ्या औषधाचेंहि प्रमाण तेंच. तर दोहोंनाहि दाद न देणारी पेशी एक लाख कोटींत एखादीच निघेल. तिसरें व चौथें औषध जोडलें तर तीहि सुटणें कठीण. दुसरी गोष्ट अमेरिकेंतील हॉवर्ड स्किपर यांनीं उंदरांवर प्रयोग करून १९६४ सालीं मांडली. औषध ठराविक संख्येनें पेशी मारीत नाहीं, तर ठराविक प्रमाणानें मारतें. हजारांतील नऊशें नव्याण्णव पेशी मेल्या, तर एक लाख कोटींतून शंभर कोटि उरतात. त्या वेळीं मूल धडधाकट दिसतें आणि सूक्ष्मदर्शकाखालींहि रोग सांपडत नाहीं. पण शंभर कोटि शत्रु अंगांत दबा धरून असतात. पुन्हा तेवढाच मारा केला तर दहा लाख उरतील, मग हजार, मग एक. आणि उंदराचा प्राण घेण्यास ती एकहि पुरेशी असते, असें स्किपर यांना आढळलें होतें. ह्याचा अर्थ असा कीं, मूल बरें दिसूं लागल्यावर थांबणें म्हणजे लढाई अर्ध्यावर सोडणें होय.

हें तत्त्व मुलांच्या खाटेपाशीं नेण्याचें धाडस वॉशिंग्टनजवळील बेथेस्डा येथें राष्ट्रीय कर्करोग संस्थेंत एमिल फ्राय व एमिल फ्रायराइख ह्या दोन समाननामी डॉक्टरांनीं केलें. त्या काळचा तो कक्ष म्हणजे रक्तानें माखलेल्या चादरींचा कक्ष होता. रोगापेक्षांहि रक्तस्रावानें पुष्कळ मुलें जात. फ्रायराइख यांनीं ताज्या रक्तांतील चकत्या मुलांना देऊन तो रक्तस्राव थांबवून दाखविला. ही कुमक आली नसती तर पुढचा हल्ला अशक्यच होता. १९६२ च्या सुमारास त्यांनीं व्हिन्क्रिस्टीन, मेथोट्रेक्सेट, मर्कॅप्टोप्युरीन व प्रेडनिसोन हीं चारहि औषधें एकत्र देण्यास प्रारंभ केला. निवड विचारपूर्वक होती. प्रत्येकाचा मारा वेगळ्या ठिकाणीं, आणि प्रत्येकाचा अपायहि वेगळ्या ठिकाणीं. एकाचा नसांवर, दुसऱ्याचा तोंडाच्या अस्तरावर, तिसऱ्याचा मज्जेवर. त्यामुळें चारहि भरपूर मात्रेंत देतां येत. तरीसुद्धां कित्येक सहकाऱ्यांना हें क्रौर्य वाटलें. जें मूल जाणारच आहे त्याला सुखानें जाऊं द्यावें, चार विषांचा मारा करून त्याचे हाल कां करावेत, असा त्यांचा सवाल होता. श्रोतेहो, हा सवाल हलका नव्हता. ज्यांनीं तो केला ते निर्दय नव्हते, आणि ज्यांनीं तो मानला नाहीं तेहि निर्दय नव्हते. निकाल मुलांच्या रक्तानेंच लागावयाचा होता.

तो निकाल प्रथम अर्धाच लागला. रोग मज्जेंतून व रक्तांतून नाहींसा झाला, पण कित्येक मुलांचें डोकें दुखूं लागलें, वांत्या होऊं लागल्या, झोंक जाऊं लागला. रक्तांतील औषधें मेंदूच्या आवरणांत पुरेशीं शिरत नाहींत. शत्रु तेथें जाऊन लपला होता. हें शेवटचें बीळ बुजविण्याचें श्रेय डोनाल्ड पिंकेल यांचें. मेम्फिस येथें १९६२ सालीं उघडलेल्या सेंट ज्यूड रुग्णालयाचे ते पहिले संचालक. त्यांनीं उपचाराचे चार टप्पे पाडले. प्रथम रोग दबविणें, मग मारा तीव्र करणें, मग डोक्यास क्षकिरण व पाठीच्या कण्यांतून मेथोट्रेक्सेट देऊन मेंदूचें रक्षण करणें, आणि शेवटीं दोन-तीन वर्षें सौम्य औषधें चालू ठेवणें. १९६७-६८ सालीं सुरू झालेल्या त्यांच्या पांचव्या अभ्यासांतील सुमारें निम्मीं मुलें कायमचीं बरीं झालीं. ‘उतार’ हा शब्द मागें पडून ‘बरा होणें’ हा शब्द डॉक्टर प्रथमच उच्चारूं लागले.

परंतु निम्मीं बरीं झालीं, म्हणजे निम्मीं गेलीं. तीं कोणतीं? येथून ह्या इतिहासाचें नवें प्रकरण सुरू होतें. शिक्षकाला ठाऊक असतें कीं, वर्गांतील सर्व मुलांना एकच धडा एकाच गतीनें शिकवून भागत नाहीं. डॉक्टरांनाहि हळूहळू उमगलें कीं, रोगाचें नांव एक असलें तरी त्याचा जहालपणा सारखा नसतो. एक वर्षाहून लहान किंवा दहा वर्षांवरील मूल, अथवा निदानाच्या वेळीं रक्ताच्या प्रत्येक घन मिलिमीटरांत पन्नास हजार वा त्याहून अधिक पांढऱ्या पेशी असलेलें मूल, हें अधिक धोक्याचें. अशी सीमा पुढें अमेरिकेंतील तज्ज्ञांनीं एकमतानें आंखली. ह्यालाच आज ‘हाय रिस्क’ म्हणजे अतिजोखमीचा गट म्हणतात.

ह्या गटासाठीं सर्वांत मोठी झुंज जर्मनींत हान्सयोर्ग रीम यांनीं दिली. १९७० सालीं पश्चिम बर्लिनमध्यें त्यांनीं चार औषधांवर न थांबतां पहिल्या आठ आठवड्यांतच आठ औषधांचा मारा केला. त्यांत अस्परॅजिनेज व डॉनोरुबिसिन हीं दोन नवीं शस्त्रें होतीं. अस्परॅजिनेजची कथाहि गमतीची आहे. गिनीपिग नांवाच्या प्राण्याच्या रक्तजलानें उंदरांच्या गांठी विरघळतात असें जॉन किड यांना १९५३ सालीं दिसलें होतें. त्याचें कारण हें द्रव्य, हें मागाहून कळलें. कर्कपेशींना अस्परॅजिन नांवाचें अन्न स्वतः पुरेसें बनवितां येत नाहीं. हें द्रव्य रक्तांतील तें अन्नच नष्ट करतें. बर्लिन, फ्रँकफुर्ट व म्युन्स्टर ह्या शहरांतील डॉक्टर एकत्र आले, आणि १९७६ पासून अतिजोखमीच्या मुलांवर त्यांनीं कांहीं काळानें पहिल्यासारखाच दुसरा हल्ला चढविला. त्याचा गुण असा आला कीं, पुढें तो कमी जोखमीच्या मुलांनाहि देण्यांत येऊं लागला. सर्वांत वाईट अवस्थेंतील मुलांसाठीं जें शोधलें, त्यानें सर्वांचें कल्याण झालें.

रीम यांची दुसरी देणगी अधिक सूक्ष्म आहे. पहिले सात दिवस मुख्यतः प्रेडनिसोन द्यावें, आणि आठव्या दिवशीं घन मिलिमीटर रक्तांत हजार वा अधिक रोगट पेशी उरल्या तर तें मूल अतिजोखमीचें समजावें. म्हणजे वय व पेशींची संख्या ह्यांपेक्षां, औषधाला रोग कसा वागतो ही परीक्षा अधिक खरी. आज दहा हजार पेशींत एक रोगट पेशी उरली तरी ती हुडकून काढतां येते, आणि तिच्यावरून पुढची योजना ठरते. अमेरिकेंत, ज्या अतिजोखमीच्या मुलांत उपचारास प्रतिसाद मंद होता अशा ३११ मुलांचा अभ्यास १९९८ सालीं प्रसिद्ध झाला. नेहमींच्या उपचारानें पांच वर्षें रोगमुक्त राहिलीं शेंकडा ५५. अधिक लांब व अधिक तीव्र उपचारानें राहिलीं शेंकडा ७५. पुढें २००४ ते २०११ ह्या काळांत दाखल झालेल्या अतिजोखमीच्या मुलांत मेथोट्रेक्सेट मोठ्या मात्रेंत दिलें असतां हें प्रमाण शेंकडा ८० च्या जवळ गेलें. लक्षांत घ्या, हें मुख्यतः जुन्याच औषधांनीं साधलें. क्रम, मात्रा, वेळ आणि चिकाटी ह्यांचा हा पराक्रम आहे. अपवाद एक. फिलाडेल्फिया नांवाचें विकृत गुणसूत्र असलेलीं मुलें फार थोडीं वांचत. त्यांना औषधांच्या जोडीस इमॅटिनिब हें नवें औषध सतत दिल्यावर तीन वर्षांनीं रोगमुक्त असणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा ३५ वरून ८० वर गेलें, असें २००९ सालीं प्रसिद्ध झालें.

विजयाची किंमतहि सांगितली पाहिजे. डोक्यास क्षकिरण दिलेल्या लहान मुलांपैकीं कित्येकांची वाढ खुंटली व अभ्यासांतील गति मंदावली. शिक्षकाच्या काळजाला हें लागल्यावांचून राहत नाहीं. म्हणून पुढील पिढीनें बहुतेक मुलांत क्षकिरण वगळून त्यांचें काम औषधांवर सोंपविलें. डॉनोरुबिसिन हृदयास अपाय करूं शकतें. म्हणून त्याचा हिशेब ठेवतात. अतिजोखमीच्या मुलाला अधिक मारा द्यावा, पण ज्याला जरूर नाहीं त्याला तो देऊं नये, हेंहि ह्याच न्यायाचें दुसरें अंग आहे.

आतां आपल्याकडे वळूं. परळलाच टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. १९८४ सालीं तेथें डॉ. सुरेश अडवाणी व त्यांचे सहकारी ह्यांनीं, अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या साहाय्यानें, आपल्या परिस्थितीस झेंपेल अशी एक ठराविक बहु-औषध योजना सुरू केली. दिल्ली व मद्रास येथील रुग्णालयेंहि तींत सामील झालीं. आपल्या देशांतील मुलांवर कोणता उपचार कितपत चालतो, ह्याची पद्धतशीर नोंद त्यामुळें होऊं लागली. पुढें २०१६ सालीं मुंबई, कोलकाता, दिल्ली, चंडीगड व चेन्नई येथील मोठ्या केंद्रांनीं मिळून, जोखमीप्रमाणें उपचार ठरविणारा एक समाईक अभ्यास हातीं घेतला. परंतु आपल्याकडे दोन शत्रु अधिक आहेत. एक जंतुसंसर्ग, कारण कुपोषित मूल तीव्र औषधांत लवकर खचतें. दुसरा शत्रु म्हणजे उपचार अर्ध्यावर सोडणें. हा उपचार दोन वर्षांहून अधिक काळ चालतो. गांव दूर असतें, बापाचा रोजगार बुडतो, दुसरीं मुलें घरीं असतात. आणि इकडे पहिल्या महिन्यांतच मूल हंसूं-खेळूं लागतें. मग पुढचीं औषधें कशाला, असें आईबापांस वाटलें तर त्यांना दोष कसा द्यावा? दोष त्या शंभर कोटि न दिसणाऱ्या पेशींचा आहे.

म्हणून ही हकीगत केवळ डॉक्टरांनीं ऐकावयाची नाहीं. आपल्यासारख्या सुशिक्षित कुटुंबांच्या शेजारीं, घरकाम करणाऱ्या बाईच्या घरीं, मुलांच्या वर्गांत असा आजार केव्हांहि येऊं शकतो. त्या वेळीं ‘आतां काय उरलें’ असें म्हणणें हें १९४७ पूर्वींचें बोलणें झालें. आणि ‘बरें झालें, आतां पुरे’ असें म्हणणेंहि तितकेंच घातक. त्या कुटुंबास शहरांत महिनाभर जागा देणें, बापाचा रोजगार सांभाळणें, तारीख चुकूं न देणें, शाळेनें त्या मुलाचें नांव पटावरून न काढणें, हींहि त्या उपचाराचींच अंगें आहेत. मेथोट्रेक्सेट एकटें हरलें, व्हिन्क्रिस्टीन एकटें हरलें, प्रेडनिसोनहि एकटें हरलें. आईबाप तरी एकटे कसे जिंकतील?